खतनिर्मात्याची पत आणि कच्च्या मालाचे मूल्य

कोणत्याही कारखान्यास कर्ज देताना धनको दोन प्रश्न विचारतो. ऋणको कर्ज फेडू शकेल काय, हा पहिला. आणि ते ठरल्या वेळी फेडू शकेल काय, हा दुसरा. सामान्यतः पहिला प्रश्न मोठा व दुसरा धाकटा समजला जातो. खतनिर्मितीच्या व्यवसायात हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. ज्याचे येणे बुडण्याची भीती नाही, ज्याच्या मालास गिऱ्हाईक हमखास आहे, असा कारखानाही केवळ मधल्या सहा महिन्यांच्या ओढाताणीने अडचणीत येऊ शकतो. आणि या ओढाताणीचे मूळ बहुधा कच्च्या मालाच्या मूल्यात असते.

कच्चा माल महागला की खतनिर्मात्याची पत खालावते, असे विधान वृत्तपत्रांतून व बँकांच्या टिपणांतूनही नेहमी आढळते. हे विधान खोटे नसले तरी अपुरे आहे. भाववाढीने काही कारखान्यांची पत ढासळली, काहींची टिकली व काहींची चक्क सुधारली, असा अनुभव आहे. म्हणून मूल्य किती वाढले यापेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात: वाढीचा भार अखेर कोणावर पडतो, आणि तो तेथे पोहोचेपर्यंत मध्यंतरी कोण वाहतो. या दोन कसोट्या लावून विषयाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. उत्पादनखर्चाची घडण

खतांचे उत्पादन म्हणजे मुख्यतः ऊर्जेचे व खनिजांचे रूपांतर होय. नत्रयुक्त खतांचा पाया अमोनिया हा आहे. हवेतील नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूपासून मिळविलेला हायड्रोजन यांच्या संयोगाने तो तयार होतो. एक टन युरियास सुमारे ०.५८ टन अमोनिया लागतो. भारतातील युरिया कारखान्यांसाठी २०१५ च्या नव्या युरिया धोरणाने ऊर्जाव्ययाची जी लक्ष्यमाने आखली, ती टनामागे ५.५ ते ६.५ गिगाकॅलरी या मर्यादेत आहेत. मध्यम मान म्हणून ६ गिगाकॅलरी धरल्यास ही ऊर्जा सुमारे २४ दशलक्ष ब्रिटिश औष्णिक एककांइतकी होते. वायूचा भाव अशा दर दशलक्ष एककांमागे ठरत असल्याने हिशेब सोपा आहे: वायू एका डॉलरने महागला की युरियाचा उत्पादनखर्च टनामागे सुमारे २४ डॉलरांनी वाढतो. युरियाच्या एकूण खर्चात वायूचा वाटा साधारणतः ७० ते ८० टक्के असतो. इतके एकाच वस्तूवरील अवलंबित्व अन्य उद्योगांत क्वचितच आढळेल.

फॉस्फेटयुक्त खतांची घडण याहून गुंतागुंतीची आहे. डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे नित्याच्या भाषेतील डीएपी, तयार करण्यास अमोनिया व फॉस्फरिक आम्ल लागते. फॉस्फरिक आम्लासाठी खनिज फॉस्फेट व गंधकाम्ल लागते, आणि गंधकाम्लासाठी गंधक. टनभर डीएपीमध्ये सुमारे ४६० किलोग्रॅम फॉस्फेटांश असतो. म्हणून आम्लाचा भाव टनास शंभर डॉलरांनी वाढल्यास डीएपीचा खर्च सुमारे सत्तेचाळीस डॉलरांनी चढतो. यातील बहुतेक माल भारतास आयात करावा लागतो. खनिज फॉस्फेट व आम्ल यांच्यासाठी मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल, ट्युनिशिया, इजिप्त या देशांवर भिस्त आहे. पोटॅश तर जवळजवळ सर्वच बाहेरून येते. खरेदी डॉलरांत व विक्री रुपयांत, हे या व्यवसायाचे दुसरे वैशिष्ट्य. २०२२ च्या आरंभी सुमारे ७४-७५ रुपयांस मिळणारा डॉलर वर्षअखेरीस ८२-८३ रुपयांवर गेला. त्यामुळे परदेशी भाव जागच्या जागी असता तरी देशी खर्च दहा टक्क्यांच्या आसपास वाढलाच असता.

२. युरिया : स्थिर नफा, अस्थिर कर्ज

युरियाची विक्रीची किंमत भारतात सरकार ठरविते. २०१८ मध्ये ४५ किलोग्रॅमच्या पोत्याची किंमत, कर व निंबलेपनाचा आकार वगळून, २४२ रुपये ठरली. म्हणजे टनास सुमारे ५,३६० ते ५,३८० रुपये. उत्पादनखर्च व ही किंमत यांतील अंतर सरकार अनुदानाच्या रूपाने भरून देते. या पद्धतीचा उगम श्री. मराठे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींत आहे. तीनुसार नोव्हेंबर १९७७ पासून प्रत्येक कारखान्यास त्याच्या खर्चावर आधारित धारण-मूल्य आणि निव्वळ मत्तेवर करोत्तर १२ टक्के परतावा देण्याची योजना सुरू झाली. २००३ मध्ये गटवार दरांची व २०१५ मध्ये ऊर्जामानांवर आधारलेली पद्धत आली. २०१५ मध्येच वायूवाहिन्यांच्या जाळ्याशी जोडलेल्या युरिया कारखान्यांस एकसमान दराने वायू मिळावा म्हणून वायूच्या किमतींचे एकत्रीकरणही झाले. तपशील बदलले तरी तत्त्व तेच राहिले: वायूच्या भाववाढीचा अंतिम भार कारखान्यावर नव्हे, तर सरकारी तिजोरीवर.

मग पतीचा प्रश्न उरतोच कोठे? तो उरतो काळाच्या अंतरात. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वर्षाला दहा लक्ष टन युरिया करणारा एक कारखाना घेऊ. वायूचा भाव दर दशलक्ष एककांस ८०० रुपये आहे. म्हणजे वायूचा खर्च टनास १९,२०० रुपये. इतर खर्च व मोबदला मिळून ५,००० रुपये. त्यांपैकी व्याज व घसारा वजा होण्यापूर्वीचा नफा २,००० रुपये, म्हणजे वर्षाला २०० कोटी. शेतकऱ्याकडून मिळणारे ५,३६० रुपये वजा केल्यास अनुदान टनास १८,८४० रुपये होते. अनुदान तीन महिने थकत असेल तर अडीच लक्ष टनांचे, म्हणजे सुमारे ४७१ कोटी रुपयांचे येणे सतत उभे राहील. ते सर्व कर्जाने पोसले व व्याजदर ८ टक्के धरला, तर वार्षिक व्याज सुमारे ३८ कोटी. नफा व्याजाच्या पाचपटींहून अधिक आहे. ऋणको उत्तम समजला जाईल.

आता वायू दुप्पट महाग झाला असे समजू. अनुदान टनास ३८,०४० रुपयांवर जाईल. थकबाकी तीन महिन्यांचीच राहिली तरी येणे ९५१ कोटी व व्याज ७६ कोटी होईल. नफ्याचे व्याजाशी प्रमाण २.६ पटींवर येईल. वाढलेल्या बोजामुळे सरकारची तरतूद वर्ष संपण्यापूर्वीच आटली आणि थकबाकी सहा महिन्यांवर गेली, तर येणे १,९०२ कोटी, व्याज १५२ कोटी, आणि प्रमाण जेमतेम १.३ पट. लक्षात घ्यावयाचे ते हे की, कारखान्याचा कार्यकारी नफा या तिन्ही स्थितींत एका रुपयानेही बदललेला नाही. विलंबाच्या काळाचे व्याज मात्र बहुधा कारखान्यासच सोसावे लागते. केवळ नफा-तोटा पत्रकाच्या वरच्या ओळी पाहणाऱ्यास यातील काहीच दिसणार नाही.

येथे भाव व विलंब या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, हेही ध्यानी घ्यावे. वायू महागतो तेव्हाच अनुदानाची तरतूद अपुरी पडते आणि तेव्हाच थकबाकी लांबते. म्हणून येणे रक्कम भावाच्या प्रमाणात न वाढता त्याहून वेगाने वाढते. त्यातच बँका फार जुनी येणी कर्जाचे तारण म्हणून सहसा मान्य करीत नाहीत. ज्या वेळी कर्जाची निकड सर्वांत मोठी, नेमकी त्याच वेळी उचल-मर्यादा आखडते. अनुदानाचे येणे बुडणारे नाही. ते उशिरा येणारे आहे. पण पुरवठादाराचे देणे ठरल्या दिवशी द्यावयाचे असते, आणि एका दिवसाची चूकही पतमापनात चूकच गणली जाते.

सरकारनेही ही अडचण वेळोवेळी ओळखली आहे. २००७-०८ व २००८-०९ मध्ये अनुदानाचा काही भाग रोख रकमेऐवजी सरकारी रोख्यांत देण्यात आला. रोख्यांनी येणे कागदोपत्री मिटले, पण कामगारांचा पगार व वायूचे देयक रोख्यांनी भागत नाही. ते विकावयास जाणाऱ्यास दर्शनी मूल्याहून कमी रक्कम हाती येई. पुढे थकीत अनुदानाच्या आधारावर बँकांनी कर्ज द्यावे व व्याजाचा काही भाग सरकारने सोसावा, अशी विशेष बँकव्यवस्था रूढ झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये खत अनुदानासाठी ६५,००० कोटी रुपयांची जादा तरतूद जाहीर झाली व वर्षानुवर्षे साचलेली थकबाकी मोठ्या प्रमाणात चुकती झाली. त्यानंतर या उद्योगातील अल्पमुदतीची कर्जे झपाट्याने उतरली. कारखाने, यंत्रे, गिऱ्हाईक सर्व पूर्वीचेच होते. बदलला होता तो केवळ येणे वसूल होण्याचा काळ.

३. भाववाढीने सुधारणारी पत

युरियाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटते. वायूच्या खर्चाची भरपाई प्रत्यक्ष वापरावर नव्हे, तर ठरवून दिलेल्या ऊर्जामानावर मिळते. वरील कारखान्याने मानापेक्षा टनास ०.३ गिगाकॅलरी अधिक खर्च केली, तर ८०० रुपये भावाने त्याचा वार्षिक तोटा सुमारे ९५ कोटी होतो. १,६०० रुपये भावाने तोच १९० कोटी होतो आणि दोनशे कोटींचा नफा जवळजवळ पुसून टाकतो. उलट मानापेक्षा तितकीच ऊर्जा वाचविणाऱ्या कारखान्यास भाव दुप्पट होताच बचतीचे उत्पन्नही दुप्पट मिळते. एकाच भाववाढीने एकाची पत बुडते व दुसऱ्याची उंचावते. म्हणून यंत्रसामग्रीचे वय, दुरुस्तीची शिस्त आणि वर्षातील बंद दिवसांची संख्या ही केवळ अभियंत्याची बाब नसून धनकोचीही आहे.

४. फॉस्फेटयुक्त खते : दोन्ही बाजूंनी धोका

फॉस्फेट व पोटॅशयुक्त खतांवरील किंमत-नियंत्रण २५ ऑगस्ट १९९२ रोजी उठविण्यात आले. १ एप्रिल २०१० पासून त्यांस पोषकद्रव्यांवर आधारित अनुदान मिळू लागले. नत्र, स्फुरद, पालाश व गंधक यांच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सरकार ठराविक रक्कम देते. युरियात अनुदान हलते व किंमत स्थिर असते. येथे तत्त्वतः अनुदान स्थिर व किंमत मोकळी असते. कच्चा माल महागला तर कारखान्याने किंमत वाढवावी, ही अपेक्षा.

व्यवहारात किंमत वाढविण्याचे स्वातंत्र्य किती मर्यादित आहे हे २०२१ मध्ये दिसले. आंतरराष्ट्रीय भाव चढल्याने त्या वर्षीच्या उन्हाळ्यात डीएपीच्या पोत्याचा खर्च २,४०० रुपयांच्या घरात गेला, आणि कंपन्यांनी १,२०० रुपयांचे पोते १,९०० रुपयांवर नेले. खरीप तोंडावर आला असता शेतकऱ्यावर एवढा बोजा टाकणे शक्य नव्हते. मे महिन्यात सरकारने पोत्यामागील अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केले व विक्रीची किंमत १,२०० रुपयांवरच राखली. शेतकऱ्याचे संकट टळले; कारखान्याच्या दृष्टीने मात्र गिऱ्हाइकाकडून रोखीने यावयाच्या रकमेचा मोठा भाग सरकारी येण्यात बदलला. ही स्थिती पुढेही राहिली आणि २०२२-२३ मध्ये देशाचा खत अनुदानाचा एकूण खर्च सुमारे अडीच लक्ष कोटी रुपयांवर गेला.

युरियाहून येथे आणखी एक भेद आहे. युरियाच्या कारखान्यास भाव उतरल्याने दिलासा मिळतो. फॉस्फेटच्या कारखान्यास भाव उतरणेही घातक ठरू शकते. जहाजाने आम्ल किंवा खनिज मागविणे, उत्पादन, वाहतूक, गोदाम आणि विक्री या क्रमात कित्येक महिने जातात. २०१७-१८ पासून अनुदान जिल्ह्यात माल पोहोचल्यावर न मिळता दुकानातील यंत्रावर शेतकऱ्याच्या नावे विक्री नोंदल्यावर मिळू लागले. त्यामुळे हा काळ आणखी लांबला. पाऊस ओढ देईल तर पोते गोदामातच राहते आणि अनुदानही.

२००८ हे या धोक्याचे ठळक वर्ष होय. त्या वर्षाच्या मध्यास डीएपीचा जागतिक भाव टनास एक हजार डॉलरांच्या वर गेला आणि गंधक आठशे डॉलरांच्या आसपास पोहोचले; वर्षअखेरीस डीएपी निम्म्याहून खाली व गंधक शंभर डॉलरांच्या आत आले. ज्यांच्या टाक्या व वखारी चढ्या भावाच्या मालाने भरलेल्या होत्या, त्यांना साठ्याचे मूल्य घटवून लिहावे लागले. अमेरिकेतील मोझेइकसारखी बलाढ्य कंपनीही यातून सुटली नाही. भारतात भाव उतरले की अनुदानाचे दरही उतरविले जातात, आणि कधीकधी मागील तारखेपासून. मे २०२३ मध्ये सरकारने १ जानेवारी ते ३१ मार्च २०२३ या लोटलेल्या काळाचे दर सुधारले. माल जुन्या भावाने घेतलेला, विक्री झालेली आणि अनुदान नव्या दराने: अशा वेळी ताळेबंदातील ‘येणे’ या रकान्यातली रक्कमही निश्चित राहत नाही.

५. मुक्त बाजाराचा अनुभव : युरोप, २०२१ ते २०२३

अनुदान नसते व किंमती मोकळ्या असत्या तर प्रश्न सुटला असता काय? युरोपचा अनुभव याचे उत्तर देतो. तेथे कारखानदार आपली किंमत आपण ठरवितो, परंतु त्याची स्पर्धा स्वस्त वायूच्या देशांशी असते. २०२१ च्या उत्तरार्धात वायू महागू लागला तेव्हा सीएफ इंडस्ट्रीज या अमेरिकन कंपनीने इंग्लंडमधील इन्स व बिलिंगहॅम येथील कारखाने थांबविले. अमोनियाबरोबर मिळणारा कार्बन डायऑक्साइड अन्नप्रक्रियेस आवश्यक असल्याने बिलिंगहॅम चालू ठेवण्यासाठी ब्रिटिश सरकारला तात्पुरते साहाय्य द्यावे लागले. रशिया-युक्रेन युद्धानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपातील वायूचा भाव मेगावॅट-तासास ३०० युरोंच्या वर गेला, आणि नॉर्वेच्या यारा कंपनीने आपली युरोपातील अमोनिया-क्षमता सुमारे ३५ टक्केच वापरात राहील असे जाहीर केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीएएसएफने जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथील दोन अमोनिया संयंत्रांपैकी एक बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

याच काळातील दुसरी बाजू तितकीच बोधप्रद आहे. २०२२ मध्ये युरोपातील वायूचा सरासरी भाव दर दशलक्ष औष्णिक एककांस पस्तीस डॉलरांहून अधिक होता. अमेरिकेत तो सहा-सात डॉलर होता. खताचा जागतिक भाव मात्र महाग वायूच्या कारखान्यांच्या खर्चाने उचलला गेला होता. परिणामी ज्या सीएफ कंपनीने इंग्लंडमधील इन्सचा कारखाना कायमचा बंद करण्याचे ठरविले, तिनेच त्या वर्षी अमेरिकेतील कारखान्यांच्या बळावर सुमारे ३.३ अब्ज डॉलर निव्वळ नफा मिळविला. मुक्त बाजारात पतीची कसोटी कच्च्या मालाच्या निरपेक्ष भावात नसून स्पर्धकाच्या भावाशी असलेल्या अंतरात असते, हे यावरून सिद्ध होते. तेथे संकट येते ते थकबाकीच्या नव्हे, तर बंद पडलेल्या यंत्रांच्या रूपाने. यंत्रे थांबली तरी मुदतकर्जाचा हप्ता थांबत नाही.

६. पुरवठा हाती घेण्याचा उपाय व त्याची मर्यादा

या जोखमीवरील प्रचलित उपाय म्हणजे कच्च्या मालाच्या उगमाकडे सरकणे. फॉस्फेटच्या भारतीय उत्पादकांनी मोरोक्को, सेनेगल, ट्युनिशिया येथील खाणींशी व आम्लोत्पादकांशी भागीदारी केली ती याच हेतूने. महाराष्ट्रात दीपक फर्टिलायझर्सच्या समूहाने रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे वर्षाला सुमारे पाच लक्ष टन क्षमतेचा अमोनिया कारखाना उभारला. तो २०२३ मध्ये सुरू झाला. तोवर गरजेचा बराचसा अमोनिया विकत घेणारा हा समूह तो मोठ्या प्रमाणावर स्वतः करू लागला. तथापि अशा प्रकल्पाने जोखीम नाहीशी होत नाही. तिचे रूप पालटते. अमोनियाच्या भावाची जोखीम जाऊन वायूच्या भावाची येते, आणि सोबत उभारणीचे दीर्घ मुदतीचे कर्ज येते. २०२३ च्या पूर्वार्धात अमोनियाचे जागतिक भाव कोसळले, यावरून अशा गुंतवणुकीचे फळ भावाच्या कोणत्या टप्प्यावर मोजले जाते यालाही महत्त्व असल्याचे दिसते. वायूच्या जोखमीस आवर घालण्यासाठी त्याच समूहाने २०२४ मध्ये नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीशी द्रवरूप वायूचा पंधरा वर्षांचा करार केला. दीर्घ कराराने पुरवठ्याची शाश्वती मिळते. पण ठरलेला माल उचलण्याचे बंधनही पत्करावे लागते, व तेही एक प्रकारचे ऋणच होय.

७. पतमापनाची कसोटी

वरील विवेचनावरून खतनिर्मात्याच्या पतीचा अभ्यास करणाऱ्याने चार प्रश्न क्रमाने विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. पहिला, भाववाढीचा अंतिम भार कोणावर: सरकारवर, शेतकऱ्यावर, की भागधारकांवर? दुसरा, भाव दुप्पट व थकबाकीही दुप्पट, असे एकाच वेळी झाले तर व्याजफेडीचे प्रमाण किती उरते? या दोहोंची स्वतंत्र परीक्षा घेणे फसवे आहे. ती दोन्ही संकटे जोडीनेच येतात. तिसरा, भाव उतरल्यास गोदामातील साठा व नोंदलेले अनुदान यांचे काय होते? चौथा, कारखान्याचा ऊर्जाव्यय मानाच्या वर आहे की खाली? एकूण कर्जातून अनुदानाचे येणे वजा करून उरणारे कर्ज पाहण्याची प्रथा उपयुक्त आहे; कारण तिच्यामुळे दीर्घकालीन दुर्बलता व तात्पुरती ओढाताण वेगळी काढता येते. मात्र तीवर सर्वस्वी विसंबणारा धनको वेळेचा प्रश्न विसरतो.

या विवेचनाचा शेवट शेतावर होतो. खरिपाचा माल पेरणीपूर्वी दोन-तीन महिने आधी मागवावा लागतो व तो उसनवार पैशावरच मागविला जातो. सुदृढ कारखान्याची तात्पुरती तंगी हीच दिवाळखोरी समजून बँकेने हात आखडला, तर जून महिन्यात दुकानापुढे रांग लागते आणि पोते मिळत नाही. उलट मानाहून अधिक वायू जाळणाऱ्या, मुळातच तोट्यातील कारखान्याचे वाढते येणे पाहून त्यास कर्ज वाढवीत गेल्यास ठेवीदारांचा पैसा अडकतो. दोन्ही कारखान्यांच्या ताळेबंदांत कर्जाचा आकडा सारखाच दिसू शकतो. त्यांतील भेद ओळखणे हे खतउद्योगाच्या पतमापनातील खरे काम आहे, आणि ते कच्च्या मालाच्या भावाचा आलेख पाहून नव्हे, तर त्या भावाचा पैसा कोठून येतो व किती दिवसांनी येतो याचा माग काढूनच करावे लागते.